उंबरा ते उंबरा, एक्केचाळीस तास

"नांदेड किती लांब आहे हो?" असं आमच्या कंट्रोलर अप्पांना कुणी विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून बघत आणि उलट विचारत, "तुमच्या घराला कुलूप लावायला किती वेळ लागतो?" नवखा माणूस गोंधळायचा. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटायचं. चेष्टा बिष्टा काही नसायची. अप्पांच्या लेखी प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू व्हायचा आणि दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर संपायचा. मधले किलोमीटर त्यांना तोंडपाठ होते, पण ते सांगायला त्यांना कमीपणा वाटे. "किलोमीटर दगडावर लिवलेत की. वाचा. मला कशाला इचारता?" असं वर ऐकवत.

मी हे रागात लिहितेय, ते आधीच सांगून टाकते. अप्पांना जाऊन वर्ष होत आलं, तरी आमच्या उदगीरच्या गल्लीत एक वाक्य अजून फिरतंय: बाप गेला आणि लेक आली नाही. भाजीवालीपासून किराणा दुकानदारापर्यंत ज्याला त्याला हे माहीत आहे. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच ठेवून वर्गाबाहेर पडायची मला सवय नाही.

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोकांच्या तोंडी ते कंट्रोलर, आणि निवृत्त झाल्यावरही कंट्रोलरच राहिले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत लिंगाची चांदीची पेटी, मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला फिरवून. उदगीरच्या स्टँडवर त्यांचा आवाज भोंग्यातून यायचा तेव्हा त्यात "थोड्याच वेळात" हे शब्द कधी नसत. "थोडा म्हंजी किती? वाटीभर का घागरभर?" असं ते विचारत. "नांदेड गाडीचं टायर मुखेडला बसलंय. पाऊण तास लागतो. ज्यांनी भाकर आणली त्यांनी खाऊन घ्यावी," अशी त्यांची घोषणा असायची. लोक खरोखर फडकी सोडून बसत, आणि गाडी येईपर्यंत जेवणं उरकलेली असत.

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी मूळची नांदेडची. लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा माझी नोकरी इस्लापूरजवळच्या एका गावात होती. दर शनिवारी सासरी यायचं आणि सोमवारी शाळेला परत जायचं असं ठरलं. सोमवारी पहाटे पाचला निघाले तर अकराची शाळा गाठीन असा माझा हिशोब होता, आणि दोनशे किलोमीटरला सहा तास म्हणजे डोक्यावरून पाणी असं घरातले सगळे म्हणत होते. मी स्टँडवर गाडीची वेळ विचारायला गेले तर खिडकीतून अप्पा म्हणाले, "मास्तरीणबाई, रविवारी दुपारीच निघा अन् नांदेडला माहेरी ऱ्हावा. उंबरा ते उंबरा साडेसात तास." मला राग आला. मी कधी निघायचं हे स्टँडवरच्या माणसाने का ठरवावं? सोमवारी पहाटे पाचलाच निघाले. शाळेच्या दारात पाऊल ठेवलं तेव्हा साडेबारा झाले होते. हेडमास्तर म्हणाले, "आलात का? आम्ही उद्याची वाट बघत होतो." पुढच्या आठवड्यापासून मी मुकाट्याने रविवारची गाडी धरली. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे माझी बदली उदगीरला झाली आणि आम्ही अप्पांच्या शेजारी राहायला आलो. तोवर स्टँडसमोर एका ट्रॅव्हल्सवाल्याने दुकान थाटलं होतं. त्याची भली मोठी पाटी होती: लातूर सव्वा तासात. अप्पा ड्युटी संपवून रस्ता ओलांडून गेले आणि पाटीखाली खडूने लिहून आले: "खरे दोन तास दहा मिनिटे." ट्रॅव्हल्सवाला पुसायचा, दुसऱ्या दिवशी हे पुन्हा लिहायचे. आठवडाभर हा खेळ चालला. शेवटी तो अप्पांच्या घरी आला. "अप्पा, जाहिरात हाय ती. कोण मनावर घेतंय?" अप्पा म्हणाले, "ज्याचं माणूस लातूरच्या दवाखान्यात पडलंय, तो घेतो. उशीर झाला तर माणूस सोसतो. खोट्या वेळेवर इसंबून बसला की सोसत न्हाई." ट्रॅव्हल्सवाल्याने पाटी काढली नाही, पण ती खडू पोचणार नाही इतकी उंच नेऊन लावली.

अप्पांची बायको म्हणजे अव्वा. सीमेवरच्या त्यांच्या माहेरची बोली निम्मी कानडी, म्हणून त्या सगळ्या गल्लीच्याच अव्वा, म्हणजे आई, झाल्या होत्या. त्यांना एकच मुलगी, लीला. माझ्या वर्गात दोन वर्षं होती. हुशार, तोंडाने फटकळ आणि बापासारखीच पाच मिनिटांसाठी भांडणारी. ती नांदेडला इंजिनीअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न करून टोरंटोला गेली. गेली त्या दिवशी अव्वा रडल्या. अप्पा वही घेऊन बसले.

त्या वहीत त्यांनी लीलाच्या येण्याजाण्याची वेळ उतरवून ठेवली होती. ती पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा प्रत्येक टप्पा विचारून विचारून लिहिला. घाईचं तिकीट काढायचं तर साडेतीन तास. घर ते तिथला विमानतळ दीड. तिथे ताटकळणं चार. पहिलं विमान तेरा. आखातात थांबणं आठ. दुसरं विमान चार. हैदराबादला सामान घेऊन बाहेर यायला दीड. तिथून जीपने उदगीर साडेपाच, त्यात जहीराबादचा चहा धरलेला. खाली दुहेरी रेघ मारून बेरीज: एक्केचाळीस. मी गणिताची शिक्षिका म्हणून त्यांनी मला ती तपासायला दिली. बेरीज बरोबर होती.

अव्वांचा धाकटा भाऊ म्हणजे वीरभद्रमामा. मोंढ्यात आडत, गळ्यात सोन्याची साखळी आणि हातात कायम मोबाईल. माणूस वाईट नाही, हे मी आज दात ओठ खाऊन का होईना, मान्य करते. एकदा चहाला आले असताना त्यांनी मोबाईल अप्पांपुढे धरला. "दाजी, हे बघा. लातूर विमानतळ ते टोरंटो. तेरा हजार किलोमीटरला थोडे कमी. पंधरा तास."

अप्पांनी चष्मा चढवला. "लातूरवरून टोरंटोला विमान सुटतं?"

"सुटत न्हाई हो."

"मग हे पंधरा तास कुणाचे?"

"असं धरायचं, की सरळ उडालं तर."

"सरळ कावळा उडतो. तुमची भाची कावळा हाय का?" अप्पांचा चेहरा लाल झाला होता. "जी गाडी सुटतच न्हाई तिची वेळ पाटीवर लिवतो, त्याला आमच्याकडं खुर्चीवर बसू दिलं नसतं."

मामा हसले. आम्हीही हसलो. अव्वा तर पदर तोंडाला लावून खूप हसल्या. त्या आकड्यावर आपण एकदा हसलो होतो, हे आठवलं की आता माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन वैशाख होता. मंगळवारी संध्याकाळी सहाला अव्वा भाकरी थापता थापता कोसळल्या. डॉक्टर घरी आले, मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाले, लातूरला हलवण्यात आता अर्थ नाही असंही म्हणाले. अप्पांनी उभ्या उभ्या लीलाला फोन लावला. "अव्वाचं काही खरं न्हाई. निघ." साडेनऊला लीलाचा निरोप आला: तिकीट मिळालं, निघाले. बुधवारी सकाळी सहाला अव्वा गेल्या. लीला तेव्हा विमानात होती आणि तिचा फोन बंद होता.

लिंगायतांची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस गेलं की अंग ताठायच्या आत त्याला मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवून, कपाळी विभूती लावून, हाती लिंग देऊन. त्याच बैठकीत नेतात आणि त्याच बैठकीत मातीत ठेवतात. भाड्याने मिळते ती बर्फाची पेटी आडव्या माणसाच्या मापाची असते. त्या पेटीत ठेवलं तर पुन्हा बसवता येत नाही. बसलेल्या माणसाला थांबवून ठेवायची सोय कुणी केलेली नाही, कारण थांबवायचंच नसतं.

अव्वांना बसवलं आणि अप्पा आत गेले. वही घेऊन बाहेर आले. आवाज अगदी स्टँडवरचा होता. "लीला उद्या सकाळी अकराला दारात येईल. तवर थांबता येत न्हाई. आज दुपारच्या आत माती करू. तिला लिवून ठेवा, अव्वा गेली, माती केली, सावकाश ये. विमानातून उतरल्या उतरल्या तिला कळाया पायजे."

वीरभद्रमामांनी मोबाईल वर धरला. "काल रात्री साडेनऊला निघाली. पंधरा तास. आज दुपारी साडेबाराला पोरगी दारात. अन् तुम्ही तिच्या आईला उचलून राहिले?"

"ते पंधरा तास कावळ्याचे हायत."

"दाजी, एसटीचा हिशोब विमानाला लावून राहिले तुम्ही."

जमलेल्यांपैकी चारदोन जणांनी माना डोलावल्या. त्यांतले निम्मे लोक आयुष्यभर अप्पांनी सांगितलेल्या गाडीने गेले होते आणि वेळेवर पोचले होते. पण काचेवरचा आकडा दिसला आणि या माणसाची चाळीस वर्षं त्यांनी खुशाल पुसून टाकली. मी बोलले. म्हटलं, मी स्वतः बेरीज तपासलीय, अप्पांचं बरोबर आहे. तर कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, शाळा न्हाई ही." मग मामांनी शेवटचा शब्द टाकला. "लेकीनं तोंड बघितल्याबिगर माझ्या बहिणीला कुणी हात लावायचा न्हाई." बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि साडी मामांच्या हातात होती. अप्पा वही मिटून भिंतीशी जाऊन बसले. मामांनी माझ्या डोळ्यांदेखत लीलाला निरोप लिहिला: अव्वा गेली. पण आम्ही थांबलोय, तू ये.

साडेबारा वाजले. एक वाजला. जीप वाजली की दर वेळी पुरुष उठून रस्त्यावर बघून येत. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या विरघळून ओसरीभर पाणी झालं. पत्रा तापला होता. अव्वांची मान कलायला लागली म्हणून ती कापडाने बांधली. जिने चाळीस वर्षांत परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्या अंगावरून आम्ही बायका ओल्या फडक्याने माश्या वारत बसलो होतो. दोन वाजता मामा म्हणाले, येईलच आता. तीन वाजता म्हणाले, रस्त्यात असंल. अप्पा अव्वांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिथे काय होत चाललंय ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

चारनंतर मामांचा फोन वाजला. लीला होती, आखातातल्या विमानतळावर. उतरल्यावर फोन सुरू केला आणि आई गेल्याचं आणि घरचे तिच्यासाठी थांबल्याचं तिला एकाच निरोपात कळलं. "मामा, मी अजून अर्ध्यातच आहे. उद्या अकरापर्यंत पोचते. तुम्ही थांबलात ना? थांबा हं." मामांनी फोन कानापासून दूर केला आणि अप्पांच्या हातात दिला. दिवसभर तलवारीसारखा मिरवलेला तो फोन त्यांनी इतक्या पटकन सोडला, की मी बघतच राहिले.

अप्पा म्हणाले, "लीला, आता न्हाई थांबता येत. अव्वाचं बघवत न्हाई." पलीकडून जो आवाज आला तो आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. तो थांबेपर्यंत अप्पांनी फोन कानाला धरून ठेवला. मग विधी करायला आलेल्या जंगमस्वामींकडे बघून मान हलवली. सूर्य बुडायच्या जरा आधी अव्वांना माती दिली.

दुसऱ्या दिवशी जीप दाराशी थांबली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. घड्याळ मी बघितलं, अप्पांनी नाही. लीला आत आली ती बापाला ओलांडून मामांच्या गळ्यात पडली. "मामा, तुम्ही तरी थांबायला तयार होता." मामा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. पोरी, घोटाळा माझा आहे, एवढे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. लीला अप्पांना फक्त एक वाक्य बोलली, "एक दिवस थांबवलं नाही तुमच्यानं?" आणि पाच मिनिटांसाठी अख्ख्या स्टँडशी भांडणारा हा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

मी त्यांना संध्याकाळी गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. अप्पा म्हणाले, "न्हाई बाई. बापावरचा राग उतरतो. मामावरचा उतरायचा न्हाई. अव्वा गेली. माहेर म्हणून तेवढंच एक दार ऱ्हायलंय तिला. ते मी बंद करू का?" मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांनी शपथ घातली आणि मी गप्प बसले. मामाही गप्प बसले. त्यांना कुणी शपथ घातली नव्हती.

पुढची तीन वर्षं लीला दर रविवारी बापाला फोन करायची. गोळ्या घेतल्या का, जेवण झालं का, ठेवते. मी समोर असले तर ऐकायचे. एकदा ती आली तेव्हा मामांकडे उतरली आणि अप्पांकडे पाहुण्यासारखी जेवून गेली. जेवताना ती म्हणाली, वरण छान झालंय. अप्पांनी तेवढंच वाक्य मला दोनदा सांगितलं.

गेल्या वर्षी अप्पांचं हृदय दमलं. लातूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी आणि वीरभद्रमामा आळीपाळीने जवळ असायचो. एका सकाळी आठला तरुण डॉक्टर आले, कागद चाळले आणि म्हणाले, "काळजी करू नका काका, बघू थोडे दिवस."

"साहेब, एक्केचाळीस तास निघतील का? हाव म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा."

डॉक्टरांनी पुन्हा कागद उघडले. बराच वेळ बघितले. "खात्री देता येत नाही, काका."

"हे खरं बोललात," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "लीलाला लावा."

मी सगळी परिस्थिती सांगितली. लीला म्हणाली, "मी निघते." अप्पांनी फोनकडे तोंड करून म्हटलं, "निघू नको." मग तिचा आवाज आला, थंडगार. "याही वेळी? याही वेळी तुम्ही ठरवणार, अप्पा?"

माझ्याकडून शपथ मोडली, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. अप्पांच्या उशाशी उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. एक्केचाळीसची वही, मोबाईलचे पंधरा, सकाळी सहाला अप्पा काय म्हणाले आणि "आम्ही थांबलोय" कुणी लिहिलं. मामा हातात शहाळं घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. लीला म्हणाली, "बाई, मामांना द्या." मामांनी शहाळं खाली ठेवलं. "खरं हाय पोरी," ते म्हणाले. "म्याच लिवलं होतं. अन् नंतर मला सांगाया तोंड न्हवतं." रडले. रडू देत. त्यांच्यापायी तीन वर्षं एक बाप रविवारच्या पाच मिनिटांवर जगला होता.

अप्पा मात्र माझ्यावरच चिडले. "कशाला उकरलं ते? मिनिटं वाया घालवली." मग लीलाला म्हणाले, "ऐक. तू निघालीस की दोन्ही विमानं मिळून सतरा तास फोन बंद. तेवढ्यात म्या गेलो तर तू कुठंच न्हाईस. तिथंबी न्हाई, हितंबी न्हाई. अव्वाच्या टायमाला तेच झालं. पोचायला येळ न्हाई माझ्याकडं. बोलायला हाय. बस तिथं अन् बोल."

लीलाने विचारलं, "किती वेळ, अप्पा?"

"असंल तवर."

सव्वीस तास निघाले. फोन उशीवर, वायर भिंतीत. मध्येमध्ये अप्पा झोपायचे, तरी ती फोन ठेवायची नाही. तिच्या घरातल्या भांड्यांचा आवाज आमच्या खोलीत येत राहायचा. तिने आधी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी तिला थांबवलं. मग विचारलं, तुझ्या घरापासून भाजीचं दुकान किती लांब? ती म्हणाली, एक किलोमीटर. अप्पा नुसते "हं" म्हणाले. तेव्हा ती फोन कानाला लावून घराबाहेर पडली. आता कुलूप लावलं, आता जिना उतरले, आता लाल दिव्याशी उभी आहे, रस्ता ओला आहे, आता दुकान आलं. अप्पा डोळे मिटून तिच्याबरोबर चालत होते. "चौदा मिनिटं," ते म्हणाले. "हाव, लांब न्हाई." तीन वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल झालेला मी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते गेले. दुपारपर्यंत उदगीरला आणलं, बसवलं, आणि सूर्य चांगला वर असताना माती दिली. कुणासाठी थांबू नका, असं ते मला आणि मामांना बजावून गेले होते. लीला महिन्याने आली. फोन झाला त्या सकाळीच ती निघाली असती तर रुद्रभूमीतल्या ओल्या मातीशिवाय तिला काय दिसलं असतं? पण शेजारच्या बायका तिच्यादेखत म्हणाल्या, "आता आलीस होय? बाप जाताना यायचं होतं." लीला हसली आणि गप्प बसली. तीही बापाचीच लेक. मी काही अप्पांची लेक नाही. म्हणून मी सांगते, आणि ज्यांनी ते वाक्य गल्लीत फिरवलं त्यांनी नीट ऐकावं.

त्या शेवटच्या सकाळी नऊच्या सुमाराला मामा चहा प्यायला खाली गेले होते. नर्स बाहेर टेबलाशी होती. मी पलंगाला खेटून खुर्चीत बसले होते आणि रात्रभराच्या जागरणाने माझा डोळा लागला. मला जाग आली ती उशीवरच्या फोनमधून येणाऱ्या हाकांनी. "बाई. बाई, उठा. अप्पा पाणी मागतायत." मी दचकून बघितलं. अप्पांचे ओठ हलत होते. वाकून तोंडाशी कान नेला तेव्हा कुठे मला शब्द कळला. चमच्याने दोन घोट पाजले. ते त्यांचं शेवटचं पाणी.

मी हाताच्या अंतरावर होते आणि मला ऐकू आलं नव्हतं. तिला आलं.